ताऱ्यांमधील विरळ वायु आणि रेडिओलहरींचा विलंब

मध्यम लहरींवरील दूरचें एखादें केंद्र दिवसां मुळींच ऐकूं येत नाहीं; तेंच रात्रीं जेवणें उरकल्यावर लावलें, तर शेजारच्या खोलींतून कोणी बोलावें इतकें स्पष्ट ऐकूं येतें, आणि मध्येंच त्याचा आवाज क्षीण होऊन पुन्हां उचल खातो. ज्या घरांत रेडिओ वर्षानुवर्षें ऐकला गेला, त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस हा अनुभव नवा नाहीं. यंत्र तेंच, केंद्र तेंच आणि मधलें अंतरहि तेंच. मग फरक पडतो तो कशामुळें? फरक पडतो तो मधल्या मार्गामुळें. जमिनीपासून सुमारें ६० किलोमीटर उंचीपासून पुढें शेंकडों किलोमीटरपर्यंत वातावरणाचा जो विरळ थर आहे, त्यांतील अणूंना सूर्याचे जंबुपार म्हणजेच अतिनील किरण सतत मारा करून फोडीत असतात. अणु फुटला कीं त्यांतील एखादा इलेक्ट्रॉन मोकळा होतो, आणि मागें धनविद्युद्भारित अणु उरतो. अशा फुटलेल्या अणूंच्या व मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणास आयनीभूत वायु असें म्हणतात, आणि पृथ्वीभोंवतालच्या या थरास आयनांबर असें नांव आहे. दिवसां या थराचा खालचा भाग मध्यम लहरींची शक्ति शोषून घेतो. रात्रीं तो भाग विरून जातो, आणि वरचा भाग त्याच लहरींना आरशाप्रमाणें परत जमिनीकडे धाडतो.

डिसेंबर १९०१ मध्यें मार्कोनीनें अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संदेश पोंचविला, तेव्हां सरळ रेषेंत जाणारी लहर पृथ्वीच्या वाटोळ्या पाठीवरून वळली तरी कशी, हें कोडें विद्वानांपुढें उभें राहिलें. १९०२ सालीं अमेरिकेंत केनेली व इंग्लंडांत हेविसाइड यांनीं अशा एखाद्या विद्युद्वाहक थराची कल्पना मांडली. १९२४ सालीं ॲपलटन यांनीं प्रयोगानें त्या थराची उंची मोजली, आणि या कार्याबद्दल त्यांस १९४७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत प्रा. शिशिरकुमार मित्र यांनीं कलकत्त्यास याच थराचें दीर्घ व कसोशीचें संशोधन केलें.

परंतु आयनीभूत वायूची वस्ती केवळ आपल्या डोक्यावरच आहे असें मात्र नव्हे. सूर्यापासून निघून ग्रहांमधून वाहणारा सौरवात याच वायूचा आहे. ताऱ्यांच्या मधल्या अवकाशांतहि तोच पसरलेला आहे. आणि एका आकाशगंगेपासून दुसऱ्या आकाशगंगेपर्यंत जी अफाट पोकळी, तींतहि तोच आहे. दूरच्या ताऱ्यापासून निघालेली रेडिओलहर पृथ्वीवर पोंचते ती या सर्व प्रदेशांतून वाट काढीत. ती वाटेंत अडते, रेंगाळते, थोडी वांकडी होते, तिचा आकार बिघडतो. हा बिघाड ज्योतिषशास्त्रज्ञांना कसा भोंवतो, आणि त्याच बिघाडापासून त्यांनीं विश्वाचें एक नवें माप कसें मिळविलें, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम या वायूची विरळता ध्यानांत घेतली पाहिजे. आपण श्वासावाटे जी हवा घेतों, तिच्या एका घनसेंटिमीटरांत, म्हणजे लहानशा बोराएवढ्या जागेंत, सुमारें अडीच लक्ष कोटि कोटि रेणु असतात. आयनांबराच्या दाट भागांत तेवढ्याच जागेंत मोकळे इलेक्ट्रॉन फार तर दहा लक्षांच्या आसपास आढळतात. पृथ्वीजवळच्या सौरवातांत ते अवघे पांच-दहा असतात. ताऱ्यांमधील अवकाशांत तर सरासरीनें तीस-चाळीस घनसेंटिमीटर जागा धुंडाळावी तेव्हां एक इलेक्ट्रॉन हातीं लागावा, अशी स्थिति आहे. पृथ्वीवरील उत्तमोत्तम पंपानेंहि इतकी निर्वात पोकळी निर्माण करतां येत नाहीं. इतक्या क्षुद्र वायूनें लहरींना काय होणार, असें कोणासहि वाटेल. पण अंतर कितीं प्रचंड आहे तें विसरतां कामा नये. थेंबें थेंबें तळें सांचतें, त्याप्रमाणें हजारों प्रकाशवर्षांच्या वाटेवर एकेक इलेक्ट्रॉनाचा परिणाम सांचत जातो.

हा परिणाम घडतो तो असा. रेडिओलहर म्हणजे क्षणोक्षणीं दिशा पालटणारी विद्युत्प्रेरणा. ती मोकळ्या इलेक्ट्रॉनास लागली कीं तो झोके घेऊं लागतो. धनविद्युद्भारित अणूहि हलतात, पण ते इलेक्ट्रॉनाच्या निदान १८३६ पट जड असल्यामुळें त्यांचें हलणें नगण्य असतें. लहरीची कंपनसंख्या मोठी असली, तर इलेक्ट्रॉन एका बाजूस सरकतो न सरकतो तोंच प्रेरणा उलटते व त्याचा झोका आंखूडच राहतो. कंपनसंख्या कमी असली, तर प्रत्येक झोक्यास सवड पुष्कळ मिळते, आणि झोका लांबवर जातो. हलणारा इलेक्ट्रॉन स्वतःहि लहर उत्पन्न करीत असल्यामुळें ही नवी लहर मूळ लहरींत मिसळते, आणि संदेश वाहून नेणारा लहरींचा गट थोडासा मागें पडतो. ज्या लहरीचा झोका लांब, ती अधिक मागें पडते. कंपनसंख्या फारच उतरली, तर लहर त्या वायूंत शिरूंच शकत नाहीं व परतविली जाते. रात्रीं मध्यम लहरी आयनांबरावरून परततात त्या यामुळेंच.

निर्वात पोकळींत सर्व लहरींचा वेग एकच, म्हणजे प्रकाशाचा. आयनीभूत वायूंत मात्र हा समभाव राहत नाहीं. एका गांवाहून दोन गाड्या एकाच वेळीं निघाल्या, आणि पक्क्या सडकेवर दोहोंची चाल अगदीं सारखी आहे, अशी कल्पना करावी. एकीचीं चाकें रुंद आहेत, दुसरीचीं अरुंद. वाटेंत चिखल लागला कीं अरुंद चाकांची गाडी अधिक रुतते व मागें राहते. मुक्कामीं बसलेल्या माणसानें वाट पाहिलेली नाहीं. पण दोन गाड्या कितीं वेळाच्या अंतरानें पोंचल्या एवढें जरी त्यानें घड्याळावर पाहिलें, तरी वाटेंत चिखल एकंदरींत किती होता, हें त्यास सांगतां येईल. रेडिओज्योतिषी हा तो मुक्कामींचा माणूस होय. लहरींच्या या पांगण्यास शास्त्रांत अपस्करण म्हणतात. त्याचा नियम अत्यंत कांटेकोर आहे: कंपनसंख्या निम्मी केली कीं विलंब चौपट होतो, एक-तृतीयांश केली कीं नऊपट होतो.

या नियमाचें महत्त्व जगाच्या नजरेस आलें तें १९६७ सालीं, इंग्लंडांतील केंब्रिज येथें, आणि तेंहि आडवळणानें. तेथील प्राध्यापक अँटनी ह्यूइश व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ सालीं दाखवून दिलें होतें कीं, वातावरणामुळें जशा चांदण्या लुकलुकतात, तशाच सौरवातांतील वायूच्या गुठळ्यांमुळें कांहीं रेडिओउगमहि लुकलुकतात. मात्र लुकलुकतात ते बिंदूसारखे बारीक दिसणारेच. ज्यांचा विस्तार मोठा ते स्थिर राहतात. आकाशांत चांदणी लुकलुकते व ग्रह लुकलुकत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून दूरचे व बारीक उगम निवडून काढण्यासाठीं ह्यूइश यांनीं सुमारें साडेचार एकर जागेंत खांब रोवून व तारा ताणून २०४८ द्विध्रुवांची एक विस्तीर्ण एरियल उभारली. तिची कंपनसंख्या ८१.५ मेगाहर्ट्झ होती. लुकलुकणें क्षणाक्षणाला पालटणारें, म्हणून ग्राहक यंत्रहि सेकंदाच्या अंशांत होणारे बदल टिपील असें मुद्दाम बनविलें होतें. त्या काळच्या इतर दुर्बिणी असे झटपट होणारे बदल सरासरींत बुडवून टाकीत.

या यंत्रांतून दररोज सुमारें शंभर फूट कागद बाहेर पडे, आणि त्यावरील रेघा डोळ्यांनीं तपासण्याचें काम जोसेलिन बेल नांवाच्या विद्यार्थिनीकडे होतें. आकाशाच्या एका ठराविक जागीं तिला थोडी विचित्र खरखर आढळली. ती लुकलुकण्यासारखी नव्हती आणि मनुष्यकृत उपद्रवासारखीहि नव्हती. २८ नोव्हेंबर १९६७ रोजीं कागद वेगानें पळवून पाहिल्यावर त्या खरखरीचे अलग अलग ठोके दिसूं लागले: दर १.३३७ सेकंदांस एक, घड्याळालाहि लाजविणारे. हे ठोके पृथ्वीवरील एखाद्या यंत्राचे नव्हेत कशावरून, हा पहिला प्रश्न. ते आकाशांतील जागेबरोबर तारकांच्या गतीनें उगवत व मावळत, हा एक पुरावा मिळाला. दुसरा पुरावा अपस्करणाचा होता. प्रत्येक ठोका वरच्या कंपनसंख्येवर आधीं व खालच्या कंपनसंख्येवर मागाहून पोंचत होता. अवघ्या एका मेगाहर्ट्झच्या फरकास जवळजवळ पंचमांश सेकंदाचा उशीर होत होता. याचा अर्थ ते ठोके ताऱ्यांमधील वायूंतून लांबची वाट चालून आले होते.

फेब्रुवारी १९६८ मध्यें हा शोध प्रसिद्ध झाला. हे ठोके देणारे तारे म्हणजे वेगानें गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे होत, हें लवकरच ठरलें, आणि त्यांस पल्सार किंवा स्पंदतारे हें नांव पडलें. १९७४ सालीं ह्यूइश यांस मार्टिन राइल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या विद्यार्थिनीनें ती खरखर प्रथम ओळखली तिला त्यांत वांटा मिळाला नाहीं, याची चर्चा अजूनहि होते.

या पहिल्या स्पंदताऱ्याच्या लहरींना ८१.५ मेगाहर्ट्झवर प्रकाशाच्या तुलनेनें एकंदर पावणेआठ सेकंदांचा विलंब होतो. त्यावरून वाटेंतील इलेक्ट्रॉनांचा हिशेब केला, तर एक चौरस सेंटिमीटर जाडीची नळी पृथ्वीपासून त्या ताऱ्यापर्यंत लावली असतां तिच्यांत जेवढे इलेक्ट्रॉन सांपडतील, ते दीड घनसेंटिमीटर हवेंतील रेणूंइतकेच भरतात. शेंकडों प्रकाशवर्षांच्या वाटेवरील सारा ऐवज एका बोरांत मावावा एवढा. आणि तरीहि त्यानें प्रकाशवेगी लहरीस पावणेआठ सेकंद थोपवून धरावें, ही गोष्ट खरोखर आश्चर्य वाटण्याजोगी आहे.

मात्र येथें एक सावधगिरी बाळगावी लागते. विलंबावरून एकंदर चिखल समजतो, वाटेची लांबी समजत नाहीं. थोड्या वाटेवर दाट चिखल असला काय, किंवा लांब वाटेवर विरळ असला काय, मुक्कामींचा उशीर सारखाच. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनीं दर पांच घनसेंटिमीटरांत एक इलेक्ट्रॉन धरून त्या ताऱ्याचें अंतर ६५ पार्सेक, म्हणजे सुमारें २०० प्रकाशवर्षें, असें काढलें. पुढें स्वतंत्र रीतीनें अंतर कळलेले स्पंदतारे मिळत गेले; त्यांच्यावरून वायु त्याहून पुष्कळच विरळ आहे असें निष्पन्न झालें, आणि तोच तारा आजच्या अंदाजाप्रमाणें सुमारें हजार प्रकाशवर्षें दूर आहे. विलंबाचें माप पहिल्या दिवसापासून बरोबर होतें. त्याबरोबर धरलेली घनता तेवढी चुकली होती. म्हणून आज आपल्या आकाशगंगेंत कोणत्या दिशेस किती इलेक्ट्रॉन आहेत याचे नकाशे तयार करण्यांत आले आहेत, आणि नवा स्पंदतारा सांपडला कीं त्याचा विलंब मोजून या नकाशावरून अंतराचा अंदाज बांधतात. जेथें नकाशा कच्चा, तेथें अंतरहि कच्चें.

विलंब हा या वायूचा एकच खेळ नव्हे. वायु सर्वत्र सारखा पसरलेला नसून त्यांत गुठळ्या आहेत. गुठळ्यांवरून जातांना लहरीचे कांहीं किरण किंचित् वळतात व लांबच्या वाटेनें येतात. सरळ आलेले किरण आधीं पोंचतात, वळणानें आलेले मागाहून. त्यामुळें टोंकदार ठोक्यास मागें शेंपूट फुटतें. यास प्रकीर्णन म्हणतात. हें अपस्करणापेक्षां फार हट्टी आहे. कंपनसंख्या निम्मी केली तर हें शेंपूट निदान सोळापट लांबतें, आणि पुष्कळ दूरच्या वेगवान् स्पंदताऱ्यांचे ठोके एकमेकांत मिसळून दिसेनासे होतात. चित्रहि यामुळें पुसट होतें. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागीं जें कृष्णविवर आहे, त्याचें चित्र घेणाऱ्या शास्त्रज्ञांनीं अवघ्या १.३ मिलिमीटर लांबीच्या लहरी निवडल्या, त्याचें एक कारण हेंच कीं लांब लहरींवर मधला वायु तें चित्र पुसून टाकतो. तें चित्र मे २०२२ मध्यें प्रसिद्ध झालें.

तिसरा परिणाम ध्रुवणाचा. ज्या लहरींचें कंपन एकाच पातळींत होतें, त्या चुंबकीय क्षेत्रांतील आयनीभूत वायूंतून गेल्या म्हणजे ती पातळी हळूंहळूं वळत जाते. १८४५ सालीं मायकेल फॅरडे यांनीं कांचेंतून जाणाऱ्या प्रकाशाच्या बाबतींत असाच गुण दाखविला होता, म्हणून यास फॅरडे यांचेंच नांव आहे. विलंबावरून इलेक्ट्रॉनांची बेरीज समजते. पातळी किती वळली यावरून इलेक्ट्रॉन व चुंबकत्व या दोहोंचा एकत्रित परिणाम समजतो. आणि दुसऱ्यास पहिल्यानें भागलें कीं वाटेवरील चुंबकत्वाची सरासरी हातीं येते. ताऱ्यांमधील चुंबकत्व पृथ्वीवरील चुंबकत्वाच्या सुमारें एक लक्षांश आहे, हें या रीतीनें मोजतां आलें. जेथें कोणी होकायंत्र घेऊन गेलें नाहीं, तेथील हें मोजमाप आहे.

बिघाड झालेला ठोका दुरुस्त कसा करतात, हेंहि पाहण्यासारखें आहे. वृषभ राशींतील खेंकडा तेजोमेघांत जो स्पंदतारा आहे, तो सेकंदांत तीस गिरक्या घेतो. १०५४ सालीं चिनी ज्योतिष्यांनीं ज्या ताऱ्याचा स्फोट पाहिला, त्याचाच हा अवशेष. त्याचा एकच ठोका १४०० मेगाहर्ट्झवर जेव्हां पोंचतो, त्यानंतर जवळजवळ १.३५ सेकंदांनीं तो ४०० मेगाहर्ट्झवर पोंचतो. तेवढ्या अवकाशांत ताऱ्याच्या आणखी चाळीस गिरक्या होऊन गेलेल्या असतात. सर्व लहरी एकत्र ऐकल्या तर निव्वळ गोंगाट ऐकूं येईल. म्हणून ग्राहक यंत्र येणाऱ्या लहरींचे शेंकडों, हजारों बारीक पट्टे पाडतें, प्रत्येक पट्ट्यास नियमाप्रमाणें जितका उशीर झाला तितका तो मागें सरकवून घेतें, आणि मग सर्वांची बेरीज करतें. वारींत मागें-पुढें पडलेल्या दिंडीकऱ्यांस पुन्हां आपापल्या ओळींत आणावें, तसेंच हें काम. नियम कांटेकोर आहे म्हणूनच हें साधतें. प्रकीर्णनाच्या शेंपटास असा सोपा उतारा नाहीं.

या विद्येंत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. पुणें जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओदुर्बिणी आहेत. त्यांपैकीं १४ मध्यवर्ती जागेंत असून उरलेल्या १६ तीन फांट्यांवर पसरलेल्या आहेत, आणि दोन दुर्बिणींतील जास्तींत जास्त अंतर सुमारें २५ किलोमीटर आहे. हा संच उभारण्याची कल्पना गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची. त्यांच्याच नेतृत्वाखालीं निलगिरीच्या उतारावर उटकमंडजवळ ५३० मीटर लांबीची दुर्बीण १९७० सालीं पुरी झाली होती, आणि तिच्या साहाय्यानें लुकलुकणाऱ्या उगमांवरून सौरवाताचा अभ्यास पुढें दीर्घकाळ झाला. खोडद येथील दुर्बिणी कमी कंपनसंख्येच्या लहरी टिपतात. अशा लहरींवर वायूचा उपद्रव सर्वांत जास्त. शिवाय भारताच्या दक्षिण टोंकाजवळून चुंबकीय विषुववृत्त गेलेलें असल्यामुळें सूर्यास्तानंतर आपल्या वरचें आयनांबर वारंवार खवळतें. तीस दुर्बिणी त्याच्या तीस निरनिराळ्या भागांतून पाहतात, आणि प्रत्येकीस उगम थोडासा निराळ्या जागीं भासतो. परिचित उगमाकडे मधूनमधून वळून ही चूक काढावी लागते. पण उपद्रव जेथें जास्त, तेथेंच त्याचें माप उत्तम घेतां येतें, हा लाभहि याच ठिकाणीं आहे.

२००७ सालीं या शास्त्रांत एक नवेंच प्रकरण उघडलें. ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथील ६४ मीटरच्या दुर्बिणीनें २००१ सालीं नोंदलेली जुनी माहिती तपासतांना डंकन लॉरिमर व त्यांचे सहकारी यांस कांहीं सहस्रांश सेकंदच टिकलेला एक तीव्र ठोका सांपडला. त्याचा विलंब इतका मोठा होता कीं, त्या दिशेच्या आपल्या आकाशगंगेंतील सारा वायु हिशेबांत धरूनहि तो दहापटीहून अधिक उरत होता. तेव्हां हा ठोका आकाशगंगेच्या फार बाहेरून आला असला पाहिजे, असें अनुमान निघालें. परंतु शंका घेणारेहि होते, आणि त्यांच्या शंकेस आधार मिळाला. त्याच दुर्बिणींत अपस्करणाची हुबेहूब नक्कल करणारे आणखी ठोके आढळले. २०१५ सालीं त्यांचा उलगडा झाला: वेधशाळेंतील स्वयंपाकघरांत अन्न गरम करण्याची मायक्रोवेव्ह भट्टी चालूं असतांना, ती थांबण्यापूर्वींच कोणी दार उघडलें, म्हणजे त्या क्षणीं ही फसवी लहर सुटत असे!

मग लॉरिमर यांचा ठोकाहि भट्टींतलाच काय? नव्हे. पार्क्सचें तें ग्राहक यंत्र एकाच वेळीं आकाशाच्या तेरा जागा पाहत असे. स्वयंपाकघरांतील लहर तेराहि जागीं एकदम दिसे. लॉरिमर यांचा ठोका तीनच शेजारच्या जागीं दिसला होता, म्हणजे तो आकाशांतील एका विशिष्ट बिंदूकडून आला होता. शिवाय विलंबाचा वर्गनियम त्यानें तंतोतंत पाळला होता. पुढें २०१७ सालीं अशाच, पण पुन्हां पुन्हां येणाऱ्या, एका ठोक्याची जागा एका लहानशा दूरस्थ आकाशगंगेंत निश्चित झाली. ती अडीचशें ते तीनशें कोटि प्रकाशवर्षें दूर आहे. आणि एप्रिल २०२० मध्यें आपल्याच आकाशगंगेंतील एका अतिचुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्यापासून असा ठोका आल्यावर, निदान कांहीं ठोक्यांचे उगम असले तारेच होत, हें कळलें.

या ठोक्यांनीं जी गोष्ट सिद्ध केली ती याहून मोठी आहे. विश्वाच्या आरंभकाळचे जे अवशेष उरले आहेत त्यांवरून विश्वांत सामान्य द्रव्य, म्हणजे ज्या अणूंचे आपण, पृथ्वी व तारे बनलों आहों तें द्रव्य, एकंदर किती असावें याचा हिशेब लागतो. परंतु तारे, आकाशगंगा व दिसूं शकणारा वायु या सर्वांची बेरीज केली तर त्यांतील मोठा हिस्सा, कांहीं मोजण्यांप्रमाणें निम्म्याच्या जवळपास, जमेस येत नव्हता. हिशेबाची वही वर्षानुवर्षें तुटीची राहिली. हरवलेलें द्रव्य आकाशगंगांच्या मधल्या पोकळींत अति विरळ आयनीभूत वायूच्या रूपानें असावें असा तर्क होता. पण चार घनमीटर जागेंत एखादाच अणु, त्यास पाहावें कसें? तो प्रकाश देत नाहीं, प्रकाश अडवीत नाहीं. तो फक्त रेडिओलहरींस उशीर करतो. जाँ-पिएर मॅकार्ट व त्यांचे सहकारी यांनीं पश्चिम ऑस्ट्रेलियांतील ३६ दुर्बिणींच्या संचानें ज्यांचे उगम निश्चित झाले होते, असे थोडेसेच ठोके घेतले. उगमाच्या आकाशगंगेचें अंतर प्रकाशावरून स्वतंत्रपणें कळलें. विलंब रेडिओवरून मिळाला. या वेळीं वाटेची लांबी व एकंदर चिखल हीं दोन्हीं हातीं असल्यामुळें वाटेवरील घनता निश्चित काढतां आली, आणि ती अपेक्षित द्रव्याशीं जुळली. तूट भरून निघाली. हा प्रबंध मे २०२० मध्यें प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच महिन्यांत मॅकार्ट निवर्तले. अंतर व विलंब यांमधील या संबंधास आज त्यांच्याच नांवानें ओळखतात.

याच हिशेबाची दुसरी कसोटी जून २०२३ मध्यें लागली. अत्यंत नियमित स्पंदताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षें मोजून, त्यांत प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांमुळें उठणाऱ्या गुरुत्वलहरींचा ठसा शोधण्याचा उद्योग अनेक देशांत चालू होता, आणि त्या महिन्यांत निरनिराळ्या गटांनीं असा ठसा असल्याचा पुरावा पुढें मांडला. हा ठसा सेकंदाच्या एक कोट्यंशाएवढ्या सूक्ष्म फरकाचा. उलट, वाटेवरील इलेक्ट्रॉनांत दहा हजारांत एक एवढीच घटवाढ झाली, तरी जवळच्या एखाद्या स्पंदताऱ्याचा ठोका १४०० मेगाहर्ट्झवर त्याच्या वीसपट पुढें-मागें होतो. तारे, पृथ्वी व वायु हे सर्वच हलत असल्यामुळें अशी घटवाढ नित्य चालू असते. ती काढून टाकली नाहीं, तर वायूची झुळूक हीच गुरुत्वलहर म्हणून गणली जावयाची. युरोपीय गटाच्या कामांत भारतीय व जपानी शास्त्रज्ञांनीं खोडद येथील मोजमापें जोडलीं. आणि तेथील कमी कंपनसंख्येमुळें, जेथें विलंब मोठा दिसतो तेथें तो मोजून, ही घटवाढ बारकाईनें काढतां आली.

एकंदरींत पाहतां, ताऱ्यांमधील वायूनें शास्त्रज्ञांस त्रास पुष्कळ दिला. त्यानें ठोके पांगविले, चित्रें पुसट केलीं, अंतरांचे अंदाज चुकविले. परंतु त्या त्रासास नियम आहे हें ओळखून ज्यांनीं तो नियम धीरानें तपासला, त्यांस त्याच विलंबांतून स्पंदताऱ्यांचीं अंतरें, अवकाशांतील चुंबकत्व आणि विश्वांतील हरवलेल्या द्रव्याचा जमाखर्च मिळाला. लुकलुकणें टिपण्यासाठीं उभारलेल्या एरियलींत स्पंदतारा सांपडला, तोहि यंत्र त्या लुकलुकण्यास तत्पर होतें म्हणून. रात्रीं रेडिओवरील दूरचा आवाज मध्येंच मंदावतो, तेव्हां हात खुंटीकडे जाणें स्वाभाविक आहे. पण त्या आवाजाबरोबर वरच्या आकाशाचीहि थोडी वार्ता येत असते, एवढें श्रोत्यांनीं स्मरणांत ठेवावें.